आबांच्या खांद्यावरची चार बोटं

माणूस गाव सोडतो, पण गाव माणसाला सोडत नाही, असं म्हणतात. खरं आहे. मी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून दोनदा बाहेर पडलो आणि दोन्ही वेळा चुलतभावाने मला परत आत घेतलं.

मी पुण्याला निघालो तेव्हा घरात कुणी रडलं नाही. आमच्या शिरूर कासारच्या भागात जाण्याचं कौतुक नसतं. दिवाळीच्या आगेमागे अर्धं गाव भांड्याकुंड्यांसकट ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जातं. माय आणि आबा दरवर्षी जायचे, मी शाळेसाठी आत्याकडे राहायचो. जाणारे ते, मागे राहणारा मी. त्या दिवशी पहिल्यांदाच उलटं झालं आणि आबांना काय करावं ते सुचेना. स्टँडवर जाता जाता ते मला फोटो स्टुडिओत घेऊन गेले. मागे बर्फाच्या डोंगराचा पडदा, पुढे धुतलेल्या टोपीतले आबा.

"बापाच्या खांद्यावर हात ठिव की बे," फोटोवाला म्हणाला.

वडिलांच्या खांद्यावर हात ठेवायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मी नुसती चार बोटं टेकवली. गाडी लागल्यावर आबा म्हणाले, "पोचल्यावर कळव. न्हाई कळवलंस तर बरा हायस आसं समजतो."

त्या काळी बातमी नाही म्हणजे माणूस बरा, असा हिशेब होता. आता दिवसभर बातमी येते आणि मी दिवसभर घाबरतो. जे गावातच राहिले, त्यांना हे कळायचं नाही. माझ्यासारखे जे निघून आले, त्यांना सांगायची गरज नाही. ग्रुपवर सकाळी फुलं येतात, दुपारी नेत्यांचे दौरे येतात. पण एकट्या माणसाचा, टोपीसकट, छातीपर्यंतचा फोटो आला की मी हातातलं काम टाकतो. असा फोटो दोनच कारणांनी येतो आणि आमच्याकडे वयस्कर माणसाचा वाढदिवस कुणाला ठाऊक नसतो.

गेल्या वर्षी एका मंगळवारी ऑफिसात जेवायला बसलो होतो. चुलतभावाने ग्रुपवर फोटो टाकला. खाली एक अक्षर नाही. फोटो अजून उतरलेला नव्हता, नुसता धूसर चौकोन दिसत होता. पण वर लाल, जाड अक्षरं होती, ती धूसर असूनही वाचता आली: भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली पांढरी टोपी, आणि डाव्या खांद्यावर चार फिकट रेघा.

ती माझी बोटं होती. आबांचा धड असा फोटो तो एकच. त्यातून मला कापून काढलं होतं, बोटं तेवढी राहिली होती.

मी फोटोवर टिचकी मारली. फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही.

खाली जोडलेले हात येऊ लागले. सात, अकरा, पंधरा. आबांना फोन लावला, बंद. माय फोन पेटीत ठेवते, चोरीला जाऊ नये म्हणून. चुलतभावाचा फोन लागेना. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "वडील," आणि पुन्हा फोनकडे वळलो.

मग मी जागा करायला बसलो. माझ्या फोनमध्ये लेकीचे नऊ हजार फोटो आहेत. त्यातल्या एकट्या केकचे किती, ते मला त्या दिवशी कळलं. केक कापण्यापूर्वी, कापताना, कापल्यावर, पुन्हा कापल्यासारखं करताना. मी ते मूठमूठभर पुसत होतो. घाईत तिच्या पहिल्या पावलाचा व्हिडिओही गेला. बाप आहे का नाही, हे बघायला मी लेकीचं बालपण पुसत होतो आणि फोन दर वेळी विचारत होता: नक्की?

शेवटी फोटो उतरला. अक्षरं नीट झाली. आबांच्या हनुवटीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: शोकाकुल. शेजारी दुसऱ्या एका टोपीचा अर्धा कान होता.

चुलतभावाने भल्यामोठ्या फ्लेक्सवरचे फक्त आबा जवळून टिपले होते. कौतुकाने. हात जोडणाऱ्या पंधराजणांनी, गावाच्या रीतीप्रमाणे, फोटो न बघताच हात जोडले होते.

तासाभराने आबांचा फोन लागला.

"रानात गेलतो. बॅटरी उतरली," ते म्हणाले. "कावून? काय झालं?"

"काही नाही. बोर्ड बघितला."

"बघितलास व्हय! लई झ्याक आलाय. पुढाऱ्याची आज्जी वारली. सगळ्यात मोठा फोटो पुढाऱ्याचा हाय, म्हातारी त्याच्या बगलंला. मदी ती लाल अक्षरं, आन् त्येच्या खाली आमी."

"तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"न्हाई बा. त्येला धा टोप्या पायजे हुत्या, नऊच भरल्या."

मी हसलो. हसताना नाक ओढल्याचा आवाज झाला असावा, कारण आबांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "बोर्डवाला म्हणत हुता, खांद्यावरची बोटं पुसून टाकू का. म्या म्हणलं, ऱ्हाऊ दे. पोरगं हाय त्ये."

आता कुणी विचारलं, तुमचं गाव कोणतं, तर मी नाव सांगतो. पण मनात येतो तो खांदा. मी पुण्यात इतकी वर्षं राहतोय, घर घेतलंय, पण माझा हात कुणी पुसून टाकला नाही ती जागा तिथेच आहे. भीतीही तिथेच आहे. तो फोटो आता बोर्डवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये कायमचा आहे आणि एक दिवस तो वरच्या रांगेत सरकणार, हे मला ठाऊक आहे. ग्रुपवर चौकोन आला की मी अजूनही आधी डावा खांदा बघतो. फोनमध्ये जागा राखून ठेवतो.

म्हातारीच्या तेराव्यानंतर आबांनी तो फ्लेक्स मागून आणला. तो आमच्या गोठ्यावर घातलाय. छपराला गळती होती, ती थांबली.