खंडेनवमीला पुजलेली चिप

हैदराबादच्या प्रयोगशाळेतून ती चिप मी स्वतः पुण्याला नेत होते. कुरिअरवर माझा काडीचा भरवसा नव्हता. खंडेनवमी होती, म्हणून वाटेत परतूरला उतरून आष्टीला घरी गेले. तेच नडलं.

चिप नखाएवढी. तिच्यात दोन अतिपातळ आरसे समोरासमोर, मध्ये अर्धवाहकाचा थर. आरशांमध्ये कोंडलेला प्रकाश त्या थरातल्या इलेक्ट्रॉनांशी इतका मिसळतो, की प्रकाश कोणता नि पदार्थ कोणता हे वेगळं काढता येत नाही. अशा मिश्र कणांची गर्दी पुरेशी वाढली, की सगळे एकदम एकाच ठेक्यात येतात. त्याला आम्ही संघनन म्हणतो. आमच्याकडच्या साऱ्या चिपांमध्ये ते फक्त हिच्यात दिसलं होतं. माझी पीएचडी हिच्यावर उभी होती, आणि पुण्यातली शेवटची मोजमापं तेवढी राहिली होती.

सकाळी आंघोळ करून आले, तर पाटावर विळे, कोयता, ट्रॅक्टरचे पाने आणि त्याच रांगेत माझी चिप. आईनं डबी उघडून मांडलेली. वर कोरडं कुंकू आणि झेंडूचं फूल.

"सगळ्यायचे अवजारं पुजले," आई म्हणाली. "तुझंच तेवढं ठिवावं का मंग?"

खरं तर तेवढं कुंकू प्रयोगशाळेत नायट्रोजनच्या झोतानं उडून गेलं असतं. पण माझा चेहरा बघून आई घाबरली आणि मी "हात लावू नको" म्हणेपर्यंत तिनं चिप पदरानं खसाखसा पुसली.

"घे, साफ केली. बराबर हाय का आता?"

पुण्यात सूक्ष्मदर्शकाखाली वरचा आरसा पार खरवडलेला दिसला. तरी मी हट्टानं लेझरची ताकद वाढवत राहिले. प्रकाश नुसता इकडेतिकडे फाकत होता, ठेका काही धरेना. माझे गाइड सर म्हणाले, नवी चिप मिळायला वर्ष तरी जाईल. हे कसं झालं, असंही त्यांनी विचारलं. प्रवासात, म्हणाले मी. दुसरं काय सांगणार, कपाळ?

आठवडाभर मी ज्याच्या त्याच्यावर खेकसत होते. आईचे फोन उचलत नव्हते. शेवटी उचलला.

"झालं का गं तुझं काम? तुझ्या अवजाराला सगळ्यात पहिलं कुंकू लावल्तं मी. ट्रॅक्टरच्या बी आधी. तुझे बाबा बोलले मला."

"चालू आहे, आई," मी म्हणाले. चीड अजून तशीच होती, फक्त ती काढायला आता कुणी उरलं नव्हतं.