चाकामागचा दगड

काल मेढ्याच्या चढाला मुलाच्या गाडीतून क्लच जळाल्याचा वास आला आणि मी खिडकीतून रस्त्याकडेला दगड शोधायला लागले.

याच चढाला आमची जीप अडली होती, त्याला कैक वर्षं झाली. फौजेतून रिटायर झाल्यावर ह्यांनी हौसेनं जीपला मोठी टायरं घातली आणि नव्या टायरांचा नारळ फोडायला आम्ही डोंगरावरच्या देवाला निघालो. खड्ड्यांतून जीप झोकात गेली. चढ लागला तशी तिसऱ्या गिअरात दमली, दुसऱ्यात रडली आणि मागं सरकायला लागली. मी उडी मारून चाकामागं दगड लावला.

मी कुंडलची, उसाच्या बैलगाड्या बघत वाढलेली. म्हटलं, "आवं, चाक मोठं केलंत, पर बैल त्योच हाय न्हवं? पयल्यात घाला."

"गाडी मी बघतो. तू दगड सांभाळ!" हे खेकसले, पण पहिलाच गिअर टाकला. जीप कुरकुरत चढली. मीही हट्टानं तो दगड देवळापर्यंत मांडीवर सांभाळला. देवळाशी उतरताना तो बघून हे पोट धरून हसले.

काल मी दार उघडलं, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, उतरू नको. ही गाडी मागं सरकत न्हाई, चढाला ब्रेक आपोआप लागतो."

हे गेल्यावर घेतलेली गाडी ती. मी दार लावून घेतलं. मांडी रिकामी वाटली.