हार्डडिस्क पुसून मिळेल

किस्से आमच्याकडं मुद्दाम कुणी जमवले नाहीत. परभणीत स्टेशन रोडला, वरच्या मजल्यावर काळेसरांचा कॉम्प्युटर क्लास होता, मी तिथं शिकवायचे. नव्वदचं दशक नुकतंच लागलेलं. मशिनी तीन, त्यातली एक हमखास बंद! चालूच होत नसेल तर औषध एकच : फ्लॉपी घालायची, हार्डडिस्क सगळी पुसायची आणि मशीन चालवणारा डॉस नव्यानं टाकायचा. मशीन पुसली जायची, किस्से तेवढे राहायचे!

*

एकदा सरांनी दारावर कागद लावला : 'मशीनला व्हायरस झाल्यामुळे आज क्लास बंद.' थोड्या वेळात घरमालक हाजीसाब जिना फिनेलनं धुऊन घेत वर आले. नाकाला रुमाल!

"काळेसाब, मरीज कौनसा है?"

सरांनी मशीन दाखवली. हाजीसाबांनी लांबूनच बघितलं. "इसकू अलग कमरे में सुलाव. बाकी दो अबी जवान हैं!"

आणि सल्ला शंभर टक्के बरोबर होता! आजारी मशीनची फ्लॉपी दुसरीला लावायची नाही, हा नियम त्या दिवसापासून लागला.

*

वालूरचे एक व्यापारी बंद पडलेली मशीन जीपमधून घेऊन आले. "म्याडम, आतलं समदं पुसून द्या. भावकीत विकायलोय."

पुसली. 'फाइल नॉट फाउंड' दाखवलं. "बघा, आता आत काहीच सापडत नाही."

"तुमाला सापडंना. माझ्या चुलतभावाला सापडंल! लय बेरकी हाय त्यो."

मग त्यांच्यासमोर पुन्हा एकदा पुसली. तेव्हा कुठं चेहरा खुलला. "आता त्याचा बापबी हुडकू शकत न्हाई!"

त्याचा बाप, म्हणजे यांचे सख्खे काका, जीपमधून उतरून मागंच उभे होते!

*

पुसताना मधेच लाईट गेली, की पुन्हा पहिल्यापासून. एका दुपारी काम संपत आलं की लाईट जायची, दरवेळी! सर तडक खाली उतरले आणि आमच्या भागाच्या लाइनमनच्या खांद्यावर हात टाकून त्याला वर घेऊन आले. चहा, मग भजी, मग पुन्हा चहा. मशीन चालू झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

लाइनमन म्हणाला, "पण सर, मला कशाला बोलावलं?"

"काही नाही. तुम्ही इथं, म्हणजे लाईटपण इथंच!"

*

सरांनी तोंडी परीक्षेत विचारलं, "फॉरमॅट केल्यावर हार्डडिस्कमध्ये काय उरतं?"

सेलूचं पोरगं म्हणालं, "पश्चात्ताप!"

पूर्ण मार्क मिळाले.

*

बोरीची शकू आमची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिच्या परीक्षेलाच वडील गणपतराव तिला न्यायला आले. "पाव्हणे यायलेत. पोराकडून होकार हाय, सुपारी आजच फोडायची. हिला काय इचारायचं?" मी कसंबसं त्यांना बाकावर बसवलं.

तर नेमकी तिचीच मशीन बंद! औरंगाबादहून आलेले परीक्षक म्हणाले, "पुढच्या वेळी बघू."

"पुढच्या वेळी मी नसंन, सर," शकू म्हणाली. "हीच चालू करून दाखवते. ह्यालाच परीक्षा धरा."

तिनं फ्लॉपी घातली, कमांड दिली. स्क्रीनवर इंग्रजीत प्रश्न आला.

"काय म्हणायली ती?" गणपतराव उठून जवळ आले.

"आप्पा, ती इचारायली, समदं पुसू का? वाय दाबलं की हो, यन दाबलं की नको."

"आन तू कायच न्हाई दाबलं तर?"

"तर ती तशीच थांबती. मनानं काय करीत न्हाई."

शकूनं वाय दाबलं. हार्डडिस्क पुसली, डॉस चढला, मशीन झक्क चालू! परीक्षकांनी खुर्चीवरून उठून तिचं अभिनंदन केलं.

बोरीला मीही सोबत गेले. पाव्हणे बसलेले, मध्यस्थानं सुपारी हातात घेतलेली. गणपतराव म्हणाले, "जरा थांबा. परभणीत ती मशीनसुदिक माझ्या पोरीला इचारल्याबिगर काय करंना. आपण तर माणसं हाव. शकू, बोल माय."

शकूनं मान वर केली.

"यन!"