पाय काढा, पावणं!

टेंबलाई टेकडीच्या उतारावर हा माणूस अधूनमधून दिसतो. पाय अधू, म्हणून मोटारसायकलला मागं दोन चाकं बसवलेली. स्वतः चाकाचं बेअरिंग बदललं की ते नीट बसलंय का बघायला इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडतो आणि मान वाकडी करून चाकांचा आवाज ऐकतो.

परवा माझ्यासमोरच, मागून आलेला एक दुचाकीवाला त्याच्या गाडीला पाय लावून ढकलू लागला. बंद गाडी दिसली की पाय लावायचाच, हे आमचं कोल्हापूर!

"पाय काढा, पावणं! गाडी बंद पडली न्हाय, म्या बंद केलीया!"

"मदत करतोय की!"

"मला इचारलासा?"

"या लोकांचं भलंच करू नये," दुचाकीवाला माझ्याकडं बघून म्हणाला.

'या लोकांचं'! माझं टाळकंच सटकलं.

तो मात्र गाडी चालू करून पुन्हा चढ चढला. एवढ्या मदतीत चाकांचा आवाज ऐकायचाच राहिला होता.