खारवलेले पाय

समुद्र सोडला तर जगात सगळ्यांत खारट असं मी काही पाहिलं असेल, तर ते आमचे मामेसासरे. म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. यात अतिशयोक्ती नाही. मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो, अतिशयोक्ती करायला जेवढं शिकावं लागतं तेवढं मी शिकलेलो नाही. जे पाहिलं तेच सांगतो, आणि त्याचा धक्का या वयातही पुरता उतरलेला नाही.

लालबागला आमच्या गावाची एक खोली होती. गिरणीत लागलेल्या गावकऱ्याने तिथे वळकटी टाकायची, ट्रंक भिंतीला लावायची आणि जेवायला तळमजल्यावरच्या मावशीच्या खानावळीत जायचं. नवी नवरी गावी ठेवून मी त्या खोलीत आलो, तर शेजारच्या वळकटीवर हे मामा. सासरवाडी मागे राहिली म्हणून मी सुटकेचा श्वास घेतला होता, तो तिथेच अडकला. पहिल्या जेवणाला पानावर बसलो. घास उचलणार तेवढ्यात मामांनी कमरेची पितळी डबी काढली. मला वाटलं, चुना असेल. त्यांनी तिच्यातलं जाडं मीठ चिमटीत धरून माझ्या आमटीत टाकलं, भातावर टाकलं आणि बांगड्यावर टाकलं. बांगडा मुळातच खारातला होता. "मामा, आधी चव तरी बघू द्या," मी म्हटलं. "मीठ घातल्याबिगर चव खयसून कळतली? जावयबापू, मान पयलो तुमचो," ते म्हणाले आणि मग स्वतःच्या पानाकडे वळले. मामेसासऱ्यांनी केलेला मान जावयाने नाकारायचा कसा? मी तो बांगडा खाल्ला आणि दिवसभर कळशीजवळून हललो नाही.

पुढे कळलं की हा मान रोजचा आहे. मामांचा बाप मिठागरावर राबलेला. गावाहून येताना लोक फणस आणायचे, कोकम आणायचे, मामा मिठाचं पोतं आणायचे. इराण्याकडे बिनसाखरेचा चहा मागवून त्यात मीठ टाकायचे. गल्ल्यावरचा इराणी पहिल्यांदा उठून बघायला आला तो चष्मा पुसत परत गेला. पेरू, कलिंगड यांना मीठ लावणं आपण समजू शकतो. पण गणपतीत मामांनी उकडीच्या मोदकाचं नाक मोडून आत मीठ भरलेलं मी पाहिलं आहे. देवासमोर. मीच देवाची माफी मागितली. मावशी तर रोज एकदा तरी म्हणायची, "मामानू, तुमका खानावळ नको, मिठागर व्हया." मामांना तो आशीर्वाद वाटायचा.

गिरणीत ते सायझिंग खात्यात होते. तिथे सुताला खळ चढवतात. वाफ एवढी की माणूस उकडलेल्या अळवासारखा बाहेर यायचा. मामा जिभेखाली मिठाचा खडा धरून पाळी काढायचे आणि सांगायचे, घामातून जातं ते भरून काढायचं. इथवर मलाही पटायचं. पण त्यापुढे त्यांनी एक शास्त्र बांधलं होतं. साखर माणसाला सडवते आणि मीठ टिकवतं. पुरावा म्हणून खारवलेला बांगडा दाखवायचे. "ह्यो बघा. मरान किती म्हयने झाले, तरी ताजो." मधुमेह हा त्यांच्या मते गादीवर बसणाऱ्या शेटजींचा आजार. "आमच्या गावात कोणाक झालो काय? मीठ खाणाऱ्याक रोग खयचो?" मी ट्रंकेत गुळाचा खडा ठेवत असे, तो त्यांना दोन वळकट्यांवरून वास येऊन कळायचा. "खावा, जावयबापू, खावा. म्हातारपणी मुंग्यो तुमच्या मागसून वरात काढतल्यो." मीही हट्टी. त्यांच्यासमोर बसून मी गुळाचा दुसरा खडा खायचो.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. गिरणगावात घरी बसलेला माणूस आजारी तरी असायचा नाहीतर लाजिरवाणा. मामा प्रत्येक मोर्चाला डबी भरून यायचे आणि अनोळखी माणसांनाही चिमूट चिमूट वाटायचे. "तोंडात धरा. मुंबय बिनमिठाची मिळणा नाय." एका मोर्चात पळापळ झाली. अश्रुधुराने डोळे चुरचुरत आम्ही गल्लीबोळांतून कसेबसे चाळीत पोचलो. मामा पुढे जिना चढत होते, मी मागे. त्यांच्या वहाणा गर्दीत गेल्या होत्या. पाहतो तर जिन्याच्या प्रत्येक पायरीवर लाल पाऊल. लक्ष्मीची पावलं काढावीत तशी, एकाखाली एक. मी ओरडलो. मामा वळून म्हणाले, "कोणाचा रगत ता?"

तळव्यात सोडावॉटरच्या बाटलीची काच घुसली होती. अंगठ्याएवढी. लालबागपर्यंत माणूस त्या काचेवर चालत आला होता आणि त्याला पत्ता नव्हता. खोलीतल्या सगळ्यांनी आ वासला. मी काच उपसली, मामा माझ्याकडे बघत गावच्या पावसाची चौकशी करत होते. मग त्यांनी डबी उघडली आणि जखमेत मीठ भरलं. दोघांनी तोंड फिरवलं. मामांची पापणी लवली नाही. "लागूक नाय माका. पाय खारवलेले आसत हे," ते म्हणाले.

बातमी चाळभर झाली, मग शेजारच्या चाळींत. लोक बघायला यायचे. मामा पट्टी सोडायचे, मीठ चोळायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी, यांच्या नाही. आमच्या हातात तेव्हा दुसरं होतं काय? वर दिल्लीत कुणी ऐकत नव्हतं, आणि इथे आमच्यातला एक माणूस असा निघाला होता की ज्याला काही टोचत नाही. काळाचौकीच्या मंडळाने रविवारच्या सभेत त्यांचा सत्कार ठरवला. स्टेजवर मीठ चोळून दाखवायचं होतं.

जखम मात्र भरेना. रोज पट्टी मीच बदलायचो. शुक्रवारी सकाळी पट्टीवर मुंग्यांची रांग. मामा भडकले. "जावयबापू, गुळाचे हात माझ्या पायाक लावलास?" मी शपथ घेतली, हात पुढे केले, त्यांनी ते हुंगले. मावशी भाकऱ्यांचं पीठ हाताला तसंच ठेवून वर आली, पायाकडे बघितलं आणि तिचा आवाज उतरला. "मामानू, मुंग्यो गोडाक येतत. आजच डाक्टराकडे चला."

मावशीही आमच्याबरोबर निघाली. दादरच्या डॉक्टरांनी लघवी मागितली, काचेच्या नळीत निळं औषध घेऊन त्यात थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, आणि मग विटकरी लाल. "भरपूर साखर आहे," डॉक्टर म्हणाले. मामा हसले. "साखर? मी? बाटली बदलली तुमी. ती ह्या जावयबापूची असतली." डॉक्टर समजावू लागले, तर मामा ऐकेनात. शेवटी माझीही तपासली. आयुष्यभर गूळ खाल्लेल्या माणसाची. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत राहिलो. निळं ते निळंच राहिलं. माझा विजय झाला होता, पण मामांचं तोंड बघून मला तो नकोसा झाला.

डॉक्टरांनी टाचणी घेतली आणि तळव्याला टोचत गेले. मामांना एकही टोचणी कळली नाही. "पायाची जाणीव कधीच गेली आहे," डॉक्टर म्हणाले. "त्यात हे मीठ. आजच्या आज इस्पितळात जा, नाहीतर पाय घोट्यापासून जाईल." मामांनी डबी मुठीत धरली. "रविवारी सत्कार आसा. सोमवारी बघूया." मी जावई, मी काय बोलणार? बोलली मावशी. "पायच गेलो तर स्टेजार कोण चढतलो, मी?" मामा उठून दाराशी काढलेल्या नव्या वहाणा शोधू लागले.

दोन बोटं गेली, पाय राहिला. सत्काराचा नारळ मंडळाने खोलीवर पाठवून दिला. डॉक्टरांनी साखर तोडली ती त्यांना कळलीही नाही, मीठ तोडलं ते मात्र कळलं. मामा गिरणी सोडून गावी गेले. महाराष्ट्र झाला तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी एक उचलला, नाकाशी नेला आणि माझ्या तोंडात घातला. "मान पयलो तुमचो." मग अंगणाकडे बघत म्हणाले, "जावयबापू, सगळे माझो पाय बघूक येयत, तेव्हा माका कायच कळत नव्हता. माका वाटला, शूर माणसाक असाच होत असतला."

परवा गावात आरोग्याचं शिबिर होतं. मिठाई फक्त लग्नात पाहिलेली माणसं रांगेत उभी, आणि एकामागून एक साखर निघतेय. तपासणाऱ्या मुलीने मला विचारलं, "आजोबा, जेवणात वरून मीठ घेता का?" मी म्हटलं, आजार साखरेचा आणि चौकशी मिठाची? ती म्हणाली, "जास्त मीठ खाणाऱ्यांना याचाही धोका जास्त दिसतो, असं आता म्हणतात. का ते अजून शोधतायत." मी मामांची पितळी डबी आठवत बाकावर बसलो. मग तिने मला डोळे मिटायला सांगितले आणि मासे धरायच्या गळाच्या तंगुसासारखा बारीक धागा पायाच्या तळव्याला टेकवला. "लागलं तर सांगा हं."

लागलं. अगदी बारीक, पण लागलं. मी तिला पुन्हा टेकवायला सांगितलं. "कळलं ना एकदा?" ती म्हणाली. कळलं होतं. मला फक्त ते मामांच्या वाटणीचंही एकदा कळून घ्यायचं होतं.