संदेष्ट्याचं मापनसूत्र आणि गवंड्याची टेप

भांडी वाटून अर्धीच झाली होती. ओट्याच्या डाव्या अंगाला थोरलीची, उजव्या अंगाला धाकट्या जावेची. बाहेरच्या खोलीत गवंडी टेप ताणून मापं घेत होता. समोरच्या दारापासून थेट स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपर्यंत, घराच्या पोटातून एक नवी भिंत जाणार होती. दोघा भावांनी कंटाळून तसं ठरवलं होतं.

कंटाळणार नाहीत तर काय! सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात धाकटी एकदा बोलून गेली होती, "ताई, तुम्ही प्रार्थना करा, पातेली मी घासते." शब्द बोचला, कारण तो अगदीच खोटा नव्हता. तेव्हापासून दोघींनी बोलणं टाकलं होतं. दूध उतू जात असलं तरी धाकटी खिडकीकडे बघून म्हणायची, कुणाचं तरी दूध जातंय हो. आणि थोरली पंख्याला सांगून गॅस बंद करायची.

हातात झारा असतानाच थोरलीला आठवलं, आजचं वाचन राहिलंय. त्यांच्या चर्चच्या मंडळीत पाळकसाहेब वर्षारंभीच रोजचा उतारा नेमून देत, आणि त्या दिवशी घरोघरी तोच वाचला जाई. रोजच्या वहीत त्यावर चार ओळी खरडल्याशिवाय थोरलीला घास गोड लागत नसे. तिने पदराला हात पुसले आणि स्टुलावर बसून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं.

या आठवड्यात जखऱ्या संदेष्ट्याची दर्शनं लागली होती. खरं सांगायचं तर तिला त्यांतलं काही उमगलं नव्हतं. तांबडे घोडे काय, चार शिंगं काय. 'देवा, हे तुझं तुलाच ठाऊक' असं लिहून तिने पान उलटलं होतं. दर्शनं म्हणजे पंडितांचं काम, आपण आपली स्तोत्रं वाचावीत, अशी तिची समजूत.

आज मात्र संदेष्ट्याने डोळे वर केले तर समोर हाती मापनसूत्र, म्हणजे मापायची दोरी, घेतलेला माणूस. कुठे चाललास, तर यरुशलेम मापायला, लांबी किती अन् रुंदी किती. तेवढ्यात बाहेर टेप खर्रकन मिटली. थोरली दचकली आणि पुस्तक जवळ ओढून पुढे वाचू लागली.

एक देवदूत दुसऱ्याला सांगत होता की धाव, त्या तरुणाला गाठ आणि सांग, या नगरीला तट असणार नाही. माणसं अन् गुरंढोरं इतकी होतील की ती तटात मावायची नाहीत.

'धाव'च लिहिलंय ना, म्हणून तिने बोट ठेवून पुन्हा वाचलं. स्वर्गातल्या दूताला एवढी कसली घाई? तर भिंत अजून उठलेली नाही म्हणून. उठल्यावर धावून काय उपयोग! अडीच हजार वर्षांपूर्वीचं ते दर्शन चपला काढून थेट तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसलं होतं. कधी एकदा कुणाला सांगते असं तिला झालं.

ती बाहेरच्या खोलीत आली तर गवंडी निघून गेलेला. एका पायात स्वतःची, दुसऱ्यात नवऱ्याची चप्पल सरकवून ती धावत सुटली. शास्त्रातला माणूस तरुण होता, हा पिकल्या मिशांचा. पण चालायला भलताच चपळ. वळणावर तिने त्याला गाठलं.

"बाई, माप चुकलं का?"

"माप नको. भिंतच नको."

"नकोच," मागून धापा टाकत कुणीतरी म्हणालं.

धाकटी होती. चष्मा कपाळावर, शास्त्र काखेत. तिच्या खोलीतही आज तोच उतारा होता.

गवंड्याने आळीपाळीने दोघींकडे पाहिलं. काम साहेबांनी सांगितलंय, मोडायचं तर त्यांनीच मोडावं, आणि दुपारी वाळूची गाडी निघतेय, एवढं सांगून तो चालू लागला.

दोघी रस्त्यातच उभ्या राहिल्या. आता पंखाही नव्हता आणि खिडकीही.

"पण ताई," धाकटी जमिनीकडे बघत म्हणाली, "पुढे देव म्हणतो, मीच आगीची भिंत होईन. म्हणजे भिंत आहेच की."

"भोवती म्हटलंय, अगं. मधून नाही."

धाकटीला हसू फुटलं. "आगीची म्हटल्यावर मला वाटलं, तुमच्यामाझ्यातलीच."

"ती आपण बांधली. त्याच्यावर कशाला ढकलतेस?" थोरलीने तिचा चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "आणि उद्यापासून पातेल्यांची पाळी माझी. प्रार्थना घासता घासताही होते."

धाकटीने डोळे पुसले, मग एकदम घाबरली. यांना आणि भावजींना काय सांगायचं? देवदूत धावत आला म्हणून भिंत रद्द?

"तेच सांगायचं. हसले तर हसले."

दोघा भावांचा छापखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. वाळूची गाडी निघायच्या आत तिथे जाऊन त्यांना गाठायचं होतं.