सात जणी आन् ज्योत

खरं सांगते, मी काही फार देवाधर्माची मुलगी नाही. म्हणजे नमस्कार करते, आईनं सांगितलं तर उपवासही धरते, पण आतून काही हलायचं नाही. यंदा तुळजापूरहून ज्योत आणायला मी गेले ती पळायला मिळतं म्हणून. आम्ही सातही जणी पोलीस भरतीची तयारी करतो, रोज सकाळी शिरूर रोडला पळतो. तर गावच्या मीटिंगमध्ये काजल, माझी मैत्रीण, सरळ उठली आणि म्हणाली, यंदा ज्योत पोरी आणणार. आजवर आमच्या गावात हे काम पोरांचं. देवीच्या देवळात मशाल पेटवून घ्यायची, आळीपाळीनं पळत गावापर्यंत यायचं, वाटेत ती विझू द्यायची नाही, आणि त्याच ज्योतीनं घटस्थापनेला आमच्या देवीपुढचा नऊ दिवसांचा दिवा लावायचा. काजल बोलली आणि सगळे हसलेच. एक जण तर म्हणाला, "ह्या पोरी व्हय? शेजारच्या निमोण्यापतूर तरी पळतील का?"

शेवटी आबा मधे पडले. देवळाचं सगळं तेच बघतात, त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नाही. ते म्हणाले, जाऊ द्या पोरींना, पण मागं आप्पाचा ट्रॅक्टर-ट्रेलर पाहिजे, त्याच्याशिवाय हायवेला पाऊल टाकायचं नाही. आणि ज्योत विझली तर विझली म्हणून सांगायचं. काडी ओढून देवीला फसवायचं नाही. विझली तर पुढच्या वर्षीपासून परत पोरं जातील. आलं का लक्षात, आमचं काय पणाला लागलं होतं ते?

आणि कुरकुंभच्या अलीकडं, भर माळावर, ट्रेलरचं चाक गेलं. चाकाच्या मधला हबच फुटला. आप्पा खाली उतरले, चाकाकडं बघितलं, डोक्यावरची टोपी काढून परत घातली आणि म्हणाले, "बसा आता." हब काढून ट्रॅक्टरवरून दौंडला न्यायचा, मिस्त्री उद्या सकाळी देणार म्हणे. घटस्थापना परवावर. मनात म्हणलं, देवीला आम्ही नकोच असणार. नाहीतर एवढा रस्ता सोडून चाक इथंच कसं फुटलं?

जवळच एक हॉटेल होतं, वरती लॉजच्या खोल्या. ट्रकवाले आणि कंपनीतले लोक उतरतात तसलं. काउंटरवर एक जाडजूड मामा बसले होते, मालक तेच. मी मशाल धरून बाहेर उभी, आत आप्पा बोलत होते.

"सात पोरी हाईत, आन् ज्योत. ज्योतीला कोपऱ्यातली खोली द्या, तिला वारं लागू द्यायचं न्हाई."

मामा म्हणाले, "आजारी हाय का?"

आप्पांना कमी ऐकू येतं आणि त्यांना ते कबूल नाही. "व्हय व्हय," म्हणाले, "लई जपाय लागतंय. येक मिनिट एकटी सोडायची न्हाई."

"आरं आरं! मंग एवढ्या लांब कशाला आणली?"

"तिला गावाला न्यायची हाय. देवळात."

मामांनी कपाळाला हात लावला आणि किल्ली दिली. मी बाहेरून सगळं ऐकलं, पण हात इतके दुखत होते की दुरुस्त करायचं सुचलंच नाही. मागच्या जिन्यानं वर गेलो. मशालीवरून ज्योत मोठ्या दिव्यात घेतली, दिवा पाटावर ठेवला, खिडकी लावली. लाईट नव्हती, आम्ही सगळी बटणं दाबून बघितली. डीपी जळालाय, उद्यापर्यंत काही खरं नाही, असं खालून कुणीतरी ओरडलं.

जेवण वर आलं. सात ताटं, आणि आठवं वेगळं झाकलेलं. मऊ गुरगुट्या भात, वर साजूक तूप, बाजूला वाटीभर दूध. घेऊन येणारा आचारी म्हणाला, "ये बीमार दीदी के लिए. मालिक की अम्मा ने खुद बनाया है." तो गेला आणि आम्ही हसून हसून लोळलो! पूजाला तर ठसकाच लागला. मग हसू ओसरलं. त्या ताटाचं करायचं काय? काजलनं ते उचललं आणि ज्योतीपुढं ठेवलं. तुळजापुरात एवढ्या गर्दीत दर्शन घेतलं तेव्हा मला काही झालं नव्हतं. पण त्या लॉजच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्च्यांमधे, एका अनोळखी बाईनं न बघितलेल्या आजारी मुलीसाठी शिजवलेला भात देवीपुढं बघून माझ्या आतून काहीतरी हललं. म्हणलं, थकवा असेल.

दुपार उतरल्यावर पूजा ज्योतीजवळ थांबली आणि बाकी आम्ही माळावर फिरायला गेलो. तो आचारी राजस्थानचा, मागच्या दारात कांदे चिरत बसला होता. म्हणाला, "जाओ जाओ, घूम के आओ. बिलकुल हमारे गाँव जैसा है, बस ऊँट नहीं है." काय सांगू तुम्हाला! आम्ही रीलमध्ये वाळवंट बघून बघून 'एकदा तरी जायचंच' म्हणणाऱ्या पोरी, आणि हे आमच्या दौंडजवळ! किती वेळा या रोडनं एसटीत झोपून गेलेय मी. बाहेर काय आहे म्हणून मान वर करून बघितलं नव्हतं.

गुडघ्याएवढं गवत, अर्धं हिरवं, अर्धं पिकून सोनेरी. वारा आला की सगळा माळ एका बाजूनं दुसऱ्या बाजूला वाहत जायचा, पाण्यासारखा. मधे मधे लाल मुरूम उघडा पडलेला, त्यावर एकेकटी बाभळ. दुसरं झाड नाही, घर नाही, आभाळ मात्र एवढं की मान फिरवून फिरवून दुखली. एक इवलासा पक्षी गात गात सरळ वर गेला, दिसेनासा झाला, तरी गाणं येतच होतं. आणि मग हरणं! चार-पाच चिंकारा, आमच्यापासून इतकी जवळ की शेपट्या हलताना दिसत होत्या. काजलनं मोबाईल काढला आणि परत खिशात ठेवला. ती आणि फोटो काढणार नाही! आम्ही नुसत्या उभ्या राहिलो. ट्रॅकपँटीला कुसळं चिकटून पार साळिंदरं झालो होतो, पण मला वाटत होतं की हे सगळं रोज असंच असतं, कुणी बघो न बघो, आणि मी मात्र दोन दिवस एका दिव्याकडं डोळे फाडून बघतेय, जणू तो माझ्यामुळंच जळतोय. तो विचार आला आणि निसटून गेला. नंतर कळलं, तोच धरून ठेवायला पाहिजे होता.

परत आलो तर पूजा ज्योतीसमोर भिंतीला टेकून गाढ झोपलेली. काजल तिला चांगलीच बोलली. ज्योत नीट होती म्हणून वाचली. मग माझी पाळी लागली. बाकीच्या गच्चीवर गेल्या, मी एकटी बसले, तेल घातलं. बाहेर अंधारायला लागलं होतं.

आणि लाईट आली.

खाली एकदम हो-हो झालं, टीव्ही सुरू झाला, आणि माझ्या डोक्यावर पंखा गरगरला. सगळी बटणं आम्हीच दाबून ठेवली होती ना! मी झडप घातली, ओंजळ धरली. पण वात एकदा आडवी झाली आणि धूर. नुसता धूर. ट्यूबचा तो पांढरा उजेड आणि समोर काळी वात. मी एवढ्या जोरानं ओरडले की माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "ज्योत गेली! काजल, ज्योत गेली गं!"

पोरी धावत आल्या. पूजा रडायला लागली. मला रडूही येईना. सगळ्या गावाचा तो हशा कानात वाजायला लागला. काजलनं दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "ए, काडी लाव. कुणाला कळणार हाय?" खरं सांगते, मी काडेपेटी हातात घेतली होती. पण मघाचा भात अजून दिव्यापुढं होता. आम्ही प्रसाद म्हणून नंतर खायचा ठरवला होता. तो बघितला. मी पेटी खाली ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून हात जोडले. काही मागितलं नाही. म्हणलं, आई, माझ्याकडून झालं नाही. आता तू बघ.

तेवढ्यात जिना धडाधड वाजला. हॉटेलवाले मामा, घामाघूम, एका पायात चप्पल. "कवा गेली? नाडी बघितली का? आरं गाडी काढा, दौंडला न्या तिला!" आणि खोलीत इकडं तिकडं बघायला लागले, कॉटखाली सुद्धा. "हाय कुठं पोरगी?"

मागून कठड्याला धरत एक म्हातारी बाई वर आली. मामांची आई, भात शिजवणारी आज्जी. "येड्या," ती म्हणाली, "आरं ज्योत म्हंजी देवीची ज्योत. पोरगी न्हवं."

"तुला काय ठावं?"

"मी मघाशी बघून गेले की. आजारी पोरीला बघावं म्हणलं, तर हिथं आईच बसलेली." तिनं पूजाकडं बोट केलं. "ह्ये लेकरू झोपलं व्हतं, उठवू वाटंना. गुडघ्यापायी तुळजापूरला माझं कवाच जाणं झालं न्हाई. म्हणलं, आपल्या उंबऱ्यावर आलीया तर सोडायची कशाला? वात लावली आन् खाली देव्हाऱ्यात नेली." मग आमच्या काळ्या वातीकडं बघितलं आणि आमच्या तोंडाकडं. "रडताय कशाला गं? हाय की खाली. जळतीया."

आम्ही कशा उतरलो आठवत नाही. काउंटरच्या मागं छोटा देव्हारा, आणि त्यात मातीच्या पणतीत एवढीशी ज्योत. आमची. आज्जीनं स्वतः वात पेटवून माझ्या हातात दिली. तेव्हा मात्र मी रडले, अगदी हमसून हमसून. मामा म्हणत होते, "म्हंजी पोरगी नव्हतीच? मंग मी डॉक्टरला फोन कशाला केला?"

दुसऱ्या दिवशी आप्पा हब घेऊन आले, चाक बसलं आणि आम्ही निघालो. दौंडच्या पुलावर भीमा दिसली तेव्हा पाय दुखायचे थांबले. संध्याकाळी वेशीवर सगळं गाव उभं, ताशा वाजत होता. आबांनी हात वर करून तो थांबवला आणि मला विचारलं, "वाटंत इझली न्हवती ना?"

काजलनं माझा दंड धरला. मी म्हणलं, "इझली व्हती, आबा."

"म्हणलं न्हवतं का मी!" मागून कुणीतरी बोललं. मी सगळं सांगितलं. चाक, पंखा, काडेपेटी, सगळं. आबा जमिनीकडं बघत ऐकत होते.

"काडी वढली?"

"न्हाई."

"मंग म्हातारीचा दिवा कशावं लागला?"

"आपल्याच ज्योतीवं."

आबांनी मशाल माझ्या हातातून घेतली, ज्योतीवरून हात फिरवून कपाळाला लावला. "मंग इझली कवा?" म्हणाले, आणि ताशेवाल्याकडं वळले, "वाजीव की रं!"

तेव्हापासून मी पुष्कळ विचार केला. हे काय होतं ते मला सांगता येणार नाही, आणि मला सिद्धही करायचं नाहीये. आज्जीचे गुडघे दुखत होते, पूजाला झोप लागली, आप्पांना ऐकू आलं नाही. ज्या ज्या गोष्टीला आम्ही चूक म्हणत होतो, तिथूनच ज्योत चालत खाली गेली आणि सुखरूप बसली. मी दोन्ही हातांनी धरलेली मात्र गेली. आता देवळात तेल घालायची पाळी माझी असते. वारा असतो, लाईट येते-जाते. मी तेल घालते, वात सारखी करते, हात जोडते आणि दार ओढून घेऊन घरी येते. मागं वळून बघत नाही.